दस्तऐवजांचं सहसंपादन : फाइल कंपॅटिबिलिटी आणि प्रायव्हसी

एकाच दस्तऐवजावर अनेकांनी आपापल्या मशीनवरून एकाच वेळी लिहिणं म्हणजे सहसंपादन. ते वापरतात कसं हे इथे सांगत बसत नाही, लिंक पाठवली की झालं, शाळेतल्या पोरांनाही ते येतं. या नोंदीचा विषय आहे दोन अडचणी. एका सॉफ्टवेअरमधली फाइल दुसऱ्यात जशीच्या तशी उघडणं ही पहिली, आणि लिहिलेला मजकूर तिसऱ्या कुणाच्या नजरेला न पडणं ही दुसरी. या दोन्ही एकमेकींच्या आड येतात, कारण फाइल नीट उघडून बदलायची तर कुणीतरी ती वाचावीच लागते, आणि ते वाचण्याचं काम बहुतेक ठिकाणी सर्व्हर करतो.

उगम

उगमाबद्दल एकमत नाहीये. काही जण थेट ९ डिसेंबर १९६८ पर्यंत मागे जातात, त्या दिवशी संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बसून मेन्लो पार्क या दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्यासोबत एकच मजकूर दोन ठिकाणच्या पडद्यांवर हाताळून दाखवला होता. ते प्रात्यक्षिक मोठंच होतं, पण दोघांनी एकाच क्षणी वेगवेगळे बदल केले तर काय करायचं, हा आजच्या सहसंपादनाचा मुख्य प्रश्न त्यात सुटलेला नव्हता. त्यामुळे सुरुवात १९८९ पासून धरणं जास्त बरोबर वाटतं. त्या वर्षी एलिस आणि गिब्स या संशोधकांनी ग्रोव्ह या एडिटरच्या निमित्ताने ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, थोडक्यात ओटी, मांडलं. समोरच्याने माझ्या जागेच्या अलीकडे तीन अक्षरं घातली असतील तर माझा दहाव्या जागेवरचा बदल तेराव्या जागेवर सरकवायचा, इतकी साधी कल्पना, पण तीन माणसं आली की ती डगमगते. मूळ पद्धतीत चूक असल्याचं पुढच्या दशकात दिसून आलं, आणि २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रमेय सिद्ध करणारं सॉफ्टवेअर लावून तपासलं तर छापून आलेल्या अनेक दुरुस्त्याही चुकीच्याच निघाल्या.

यातून दोन वाटा फुटल्या. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या ज्युपिटर प्रणालीने १९९५ मध्ये मधे एक सर्व्हर बसवला, सगळे बदल त्याच्याकडे जाणार, क्रम तो ठरवणार, म्हणजे तिघांचा गुंता सुटून प्रत्येकाचा व्यवहार फक्त सर्व्हरशी. २००९ ची गूगल वेव्ह याच वाटेने गेली. दुसरी वाट त्याच फ्रेंच गटातल्या काही जणांची. त्यांनी २००६ मध्ये वूट ही पद्धत मांडली, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःची कायमची ओळख मिळते आणि सर्व्हरची गरजच उरत नाही. या कुळाला २०११ मध्ये सीआरडीटी, म्हणजे संघर्ष न होता आपोआप जुळणाऱ्या प्रती, हे नाव मिळालं, आजची वायजेएस आणि ऑटोमर्ज ही प्रोग्रॅमरांसाठीची सॉफ्टवेअरं त्यातलीच. ही सगळी चर्चा अभ्यासकांपुरती वाटेल पण तसं नाही, बदल सर्व्हरने जुळवायचे ठरले की सर्व्हरला ते समजावे लागतात, आणि प्रायव्हसीचा प्रश्न तिथेच जन्माला येतो. मात्र सीआरडीटी आली म्हणून आपोआप गुप्तता आली असंही नाही, ऑटोमर्ज तर जुना सगळा इतिहास जपून ठेवतं, म्हणजे खोडलेलं वाक्यही फाइलमध्ये राहतंच.

फॉरमॅट

ओडीएफ हा लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा फॉरमॅट. तो ओएसिस संस्थेने २००५ मध्ये मंजूर केला आणि २००६ मध्ये तो आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, प्रमाण झाला. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या डॉकएक्स फायलींमागचा ओओएक्सएमएल हा फॉरमॅट २००८ मध्ये आयएसओ प्रमाण ठरला, मोठ्या वादानंतर. भारताने विरोधात मत दिलं होतं आणि ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला यांच्यासोबत अपीलही केलं, ते फेटाळलं गेलं. भारताचा आक्षेप योग्यच होता असं प्रस्तुत नोंदकाराला वाटतं, कारण हजारो पानांच्या त्या प्रमाणात वर्डच्या जुन्या आवृत्त्यांसारखं वागा अशा अर्थाच्या सेटिंग्ज होत्या आणि बाहेरच्याने त्या बनवायच्या कशा हा प्रश्नच होता.

देवनागरीचा त्रास वेगळाच. डॉकएक्समध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला फॉन्ट आणि आकार दोनदा नोंदवता येतो, एकदा लॅटिनसाठी आणि एकदा कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी, ज्यात देवनागरी येते. ओडीएफमध्येही अशीच वेगळी नोंद असते. एखाद्या ऑनलाइन एडिटरने फक्त लॅटिनचा आकार वाचला की इंग्रजी शीर्षक १६ चं आणि मराठी शीर्षक १२ चं दिसतं, ठळक केलेलं साधं होतं, आणि लोक म्हणतात फाइल बिघडली. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांमध्ये टाइप केलेल्या फायलींचं तर बोलायलाच नको, आत अक्षरं लॅटिनच असतात, तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो.

जोडाक्षरांचंही पाहायला हवं. ‘वर्ग’ हा शब्द आत व, र, हलन्त, ग असा साठवलेला असतो. एकाने ‘ग’ खोडून ‘ण’ घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ‘ग’ खोडून ‘ष’ घातला तर गणित बिनचूक चालूनही ‘वर्णष’ किंवा ‘वर्षण’ तयार होतं, आणि रफार जो आधी आला त्याच्या डोक्यावर बसतो. दोघांपैकी कुणीच तो शब्द लिहिलेला नसतो.

सर्व्हरला न दाखवता

कोलाबोरा ऑनलाइन या ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये लिबरऑफिसचं इंजिन सर्व्हरवर चालतं आणि पानाच्या चित्रांचे तुकडे ब्राउझरला येतात, त्यामुळे फायली लिबरऑफिसइतक्याच चांगल्या उघडतात पण सर्व्हरला सगळं दिसतं. यावर उपाय म्हणजे तो स्वतःच्या सर्व्हरवर बसवणं, अनेक संस्था नेक्स्टक्लाउड या फायली साठवायच्या सॉफ्टवेअरसोबत तसं करतात. क्रिप्टपॅडची रीत उलटी. फ्रान्समधल्या एक्सविकी कंपनीने बनवलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो, किल्ली लिंकमधल्या हॅश चिन्हानंतरच्या भागात असते आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. बदल जुळवण्याचं कामही लिहिणाऱ्यांची मशीनच करतात, सर्व्हर फक्त न वाचता येणारे तुकडे साठवतो आणि पुढे ढकलतो. मग डॉकएक्स उघडायची कशी, तर ओन्लीऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचा कन्व्हर्टर वेबअसेंब्लीच्या, म्हणजे ब्राउझरला चालवता येणाऱ्या कोडच्या, रूपात ब्राउझरमध्येच चालवून. प्रोटॉन कंपनीने २०२४ मध्ये आणलेलं डॉक्सही एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे मजकूर फक्त लिहिणाऱ्यांनाच वाचता येतो. एक कच्चा दुवा मात्र सगळीकडे राहतो, कुलूप लावणारा कोड सर्व्हरच पाठवतो, त्याने बदललेला कोड पाठवला तर किल्ली जाऊ शकते.

फायलीतून काय गळतं

२००३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने इराकबद्दलचा अहवाल वर्ड फाइल म्हणून वेबवर टाकला आणि आतल्या नोंदींमधून शेवटच्या दहा सेव्हचा माग, माणसांच्या नावांसकट, लोकांनी काढला. आजच्या डॉकएक्समध्येही लेखकाचं नाव, कमेंट, ट्रॅक केलेले बदल आणि कोणता तुकडा कोणत्या बैठकीत लिहिला हे सांगणारे क्रमांक असतात. फॉन्टमधूनही गळती होते, पान नीट दिसावं म्हणून गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट ओढला की वाचणाऱ्याचा आयपी पत्ता तिकडे जातो, आणि जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने अशाच कारणासाठी एका वेबसाइट चालवणाऱ्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली. वर्डच्या कॅलिब्री आणि कँब्रिया या फॉन्टांच्या मापाचे मोफत कार्लिटो आणि कॅलाडिया स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले की हा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो, देवनागरीसाठी नोटो, लोहित किंवा ‘मुक्त’ हे फॉन्ट तसेच ठेवता येतात.

साफसफाई करतानाही जपायला हवं. दिसत नसलेल्या शून्य रुंदीच्या अक्षरांनी मजकुरावर छुपी खूण करता येते, त्यामुळे ती काढून टाकणारी टूल्स आहेत. पण मराठीत ‘दऱ्या’ लिहायच्या दोन रीती चालतात, एक ऱ वापरून आणि दुसरी र, हलन्त आणि न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक घालून. दुसऱ्या रीतीतला तो जोडक सरसकट काढला की सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र, आणि स्पेलचेकला त्यात काहीच चूक दिसत नाही, कारण तोही शब्द बरोबरच आहे. म्हणून अशा टूलने दोन मराठी अक्षरांमधला, हलन्तानंतरचा जोडक तसाच ठेवायला हवा.