हात लावू नका : अभयारण्यातल्या एका पाटीची पार्श्वभूमी

प्राणी जवळून पाहायला निघालेल्या माणसाला आज दोन परस्परविरोधी पाट्या भेटतात. एक म्हणते, पिल्लाला कुशीत घ्या, फोटो काढा. दुसरी म्हणते, हात लावू नका, खायला घालू नका, ठरलेल्या अंतराच्या पुढे येऊ नका. दुसरी पाटी एका दिवसात लागलेली नाही. ती लागेपर्यंत प्राण्यांचे बरेच हाल झाले, म्हणून तिची हकिकत माहीत असायला हवी.

अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ सालचं. तिथल्या हॉटेलांचं खरकटं उघड्यावर टाकलं जाई आणि ते खायला अस्वलं येत. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. उलट कचऱ्यासमोर प्रेक्षकांसाठी बाकं मांडली गेली आणि रेंजर तिथे उभे राहून अस्वलांची माहिती सांगू लागले. रस्त्यांवर मोटारी थांबवून लोक हाताने खाऊ देत. १९३१ ते १९६९ या काळात तिथे दरवर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी झाली. शेवटी १९७०च्या सुमारास हे उकिरडे बंद झाले, पण आयत्या अन्नाला सोकावलेली अस्वलं ते शोधत माणसांच्या मुक्कामांपर्यंत पोहोचली आणि त्यांतली कित्येक मारली गेली. खरकट्याची सवय लावली माणसांनी. मेली ती अस्वलं. १९७५ साली तिथल्या ग्रिझली या मोठ्या तपकिरी जातीच्या अस्वलाला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं. आज यलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान ९१ मीटर लांब राहावं लागतं.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. १९२७च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलंड राज्याच्या सरकारने कोआलाच्या शिकारीला मोकळीक दिली आणि फरसाठी पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. त्याच वर्षी तिथल्याच ब्रिस्बेन शहरात दोन कोआलांसह लोन पाइन अभयारण्य सुरू झालं. पुढे तिथे कोआलाला कुशीत घेऊन फोटो काढणं ही जगभरच्या पाहुण्यांची हौस बनली. या हौसेला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. ज्याच्याकडे काल कातडं म्हणून पाहिलं जात होतं, त्याच्याविषयी माया वाटायला लागली, ती अशा भेटींमुळेही. पण निलगिरीच्या निकस पाल्यावर जगणारा हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो, तेव्हा कुठे त्याची ताकद पुरते. अनोळखी हातांतून फिरणं त्याला झेपेल का, हा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याने कोआला हातात देण्यावर बंदी घातली. क्वीन्सलंडने परवानगी ठेवली, पण एका कोआलाला दिवसाला किती मिनिटं हाताळायचं यावर मर्यादा आणली. २०२४ साली खुद्द लोन पाइननेच ही प्रथा थांबवली.

वाघ-सिंहांच्या बछड्यांबाबत असा सौम्य शेवट झाला नाही. बछडं कुशीत घेण्याजोगं राहतं ते काही आठवडेच. म्हणजे धंदा चालवायचा तर सतत नवी पिल्लं हवीत आणि मोठ्या झालेल्यांचं काय करायचं हा प्रश्न कायमचा. पर्यटकांना वाघांसोबत फोटो काढू देणाऱ्या थायलंडच्या कांचनबुरीतल्या 'टायगर टेंपल' या बौद्ध मठातून २०१६ साली सरकारने १३७ वाघ ताब्यात घेतले. तिथल्या फ्रीझरमध्ये ४० मेलेली पिल्लं सापडली. अमेरिकेने २०२२च्या कायद्याने असं बछडं लोकांच्या हाती देणंच बंद केलं.

अंतराचा सर्वांत काटेकोर विचार झाला तो पर्वतीय गोरिलांच्या बाबतीत. आफ्रिकेतल्या रवांडात १९७९ साली त्यांच्यासाठी पर्यटनाची योजना सुरू झाली, तेव्हा ही जात नामशेष होण्याच्या काठावर होती. गोरिला आपल्या इतके जवळचे नातलग की आपला साधा खोकलाही त्यांच्या जिवावर उठू शकतो. म्हणून नियम ठरले: एका कळपाजवळ दिवसाला आठच पाहुणे, एकच तास, आणि सात मीटर अंतर, कोव्हिडनंतर दहा मीटर आणि तोंडावर मास्कही. शिंक आली तर तोंड फिरवून, कोपरात. पिल्लू कुतूहलाने जवळ आलं तर मागे सरायचं माणसानेच. या भेटींच्या शुल्कातून राखणदारांचे पगार निघतात, आणि आज पर्वतीय गोरिलांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. पैसाही मिळतो आणि जनावरही वाचतं, असं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

अनाथ पिल्लांना मात्र जवळीक लागतेच. केनियात अनाथ हत्ती सांभाळणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी हत्तीच्या तान्ह्या पिल्लांसाठी नारळाचं तेल घातलेलं दूध तयार केलं. पिल्लू आईच्या अंगाला टेकून पितं, म्हणून त्यांच्या अनाथालयात कांबळं टांगतात. त्यावर सोंड टेकवून ते बाटलीने दूध पितं. आयेशा नावाचं एक पिल्लू त्यांच्यावर इतकं विसंबलं होतं, की आपल्या मुलीच्या लग्नासाठी त्या काही दिवस दूर गेल्या आणि त्याने खाणं सोडलं. ते वाचलं नाही. तेव्हापासून तिथले राखणदार आळीपाळीने पिल्लांसोबत झोपतात, एकावरच कुणाचा जीव जडू नये म्हणून. पाहुण्यांना दिवसातला एक ठरलेला तास मिळतो, दोरीच्या अलीकडून.

अमेरिकेतल्या टेनेसीत १९९५ साली स्थापन झालेलं हत्तींचं आश्रयस्थान याहीपुढे गेलं. सर्कशीत आणि प्राणिसंग्रहालयांत आयुष्य काढलेल्या हत्तिणींना तिथे निवांतपणा देण्यासाठी पाहुण्यांना आत प्रवेशच नाही. ज्यांना पाहायचंय ते कॅमेऱ्यावरून पाहतात.