‘अपंगांसह’ म्हणजे ‘अपंगांनी’ नव्हे

अपंगांच्या सुरक्षिततेवरचा किंवा समावेशावरचा नवा अहवाल हातात आला की मी तो शेवटून वाचायला घेते. मुखपृष्ठावर ‘अपंगांच्या नेतृत्वाखालील अभ्यास’ असं छापलेलं असतं. खरी हकीकत आभाराच्या पानावर कळते. प्रश्नावली तज्ज्ञांनी तयार केली, एका अंध प्राध्यापकांनी सल्लागार समितीच्या दोन बैठकांना वेळ दिला, आणि ‘माहिती देणाऱ्या सर्व दिव्यांग बंधुभगिनींचे मनःपूर्वक आभार’. याला सहभाग म्हणतात. नेतृत्व म्हणत नाहीत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी इतक्या सर्रास वापरले जातात की मला आता ते एकदा नीट लिहून काढायचं आहे.

शाळेतलं व्याकरण आठवा. ‘अपंगांवर संशोधन’, ‘अपंगांसाठी संशोधन’, ‘अपंगांसह संशोधन’ आणि ‘अपंगांनी केलेलं संशोधन’. पहिल्या तिन्हींत कर्ता दुसराच कोणीतरी आहे. चौथ्यात ‘नी’ हा प्रत्यय आला आणि कर्ता बदलला. मराठीत हा फरक एवढा उघड असताना आपल्याकडे तो का निसटतो, हे मला कळत नाही.

अपंगांना सामावून घेणारं संशोधन काय असतं हे बहुतेकांना ठाऊक आहे. बैठकीची जागा तळमजल्यावर, सांकेतिक भाषेचा दुभाषी, ब्रेलमधली किंवा सोप्या भाषेतली संमतीपत्रं, येण्याजाण्याचा खर्च. हे सगळं हवंच. औषधांच्या चाचण्या किंवा जनगणना अशा कामांत तर हेच नीट झालं तरी पुष्कळ. अपंगांना सामावून घेणारं आणि अपंगांनी चालवलेलं, या दोन प्रकारांतले बाकीचे फरक किरकोळ आहेत. नमुना किती मोठा, मुलाखती घ्यायच्या की गटचर्चा, आकडेमोड कोणत्या सॉफ्टवेअरवर, यांवरून काही ठरत नाही. अपंगांनी चालवलेल्या अभ्यासात संख्याशास्त्रज्ञ अपंग नसला तरी चालतं. उलट, सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्यायला चार अपंग तरुण नेमले म्हणून अभ्यास त्यांचा होत नाही. त्यांना रोजगार मिळाला, एवढंच.

खरा फरक एकाच जागी आहे: प्रश्न कोणी ठरवला, आणि ठरलेला प्रश्न खोडायचा अधिकार कोणाकडे आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. हॅम्पशायर परगण्यात ल कोर्ट नावाचं अपंगांचं निवासगृह होतं. तिथल्या रहिवाशांचा व्यवस्थापनाशी झगडा चालला होता तो अगदी रोजच्या गोष्टींवरून: झोपायचं कधी हे कोण ठरवणार, आपल्या आयुष्याचा कारभार कोणाच्या हातात राहणार. आपली बाजू कोणीतरी अभ्यासावी म्हणून त्यांनीच १९६०च्या दशकात संशोधकांना बोलावलं. टॅविस्टॉक या नामवंत संस्थेचे एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन आले. त्यांनी रहिवाशांचं ऐकलं, नोंदी घेतल्या, आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. अशा गृहांत येणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो, आणि तिथून प्रत्यक्ष मरणापर्यंतचा काळ त्याला सुसह्य करून देणं हे गृहाचं काम, असा त्यांचा सूर होता. पॉल हंट हे त्या गृहात राहिलेले. संशोधकांनी तटस्थतेच्या नावाखाली सत्तेची बाजू घेतली, असं त्यांनी पुढे स्पष्ट लिहिलं. अपंगांनीच चालवायची संघटना उभी करण्याची हाक तर त्यांनी १९७२ मध्येच दिली होती.

पाहा, इथे सहभाग भरपूर होता. निमंत्रण रहिवाशांचं, मुलाखती रहिवाशांच्या. पण त्यांचा प्रश्न होता, ‘आमच्यावर ही सत्ता का?’ आणि अभ्यासकांनी प्रश्न घेतला, ‘ही गृहं नीट कशी चालवावीत?’ प्रश्न बदलला त्या क्षणी अभ्यास रहिवाशांच्या हातून गेला. तो परत घ्यायची कुठलीही सोय त्यांच्याकडे नव्हती.

व्हीलचेअर वापरणारे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९९० मध्ये हीच गोष्ट सरकारी प्रश्नावलीवर दाखवली. वस्तू धरताना, फिरवताना अडचण येते ती तुमच्या कोणत्या दुखण्यामुळे, असं सर्वेक्षण विचारत होतं. ऑलिव्हर यांनी ते उलटवलं: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या घडणीत असा कोणता दोष आहे की ते धरताना, फिरवताना तुम्हाला अडचण येते? हात तोच, बरणीही तीच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरकडे जातं, दुसऱ्याचं बरणी बनवणाऱ्याकडे.

आता माझ्या अनुभवातलं. मला लहानपणी पोलिओ झाला, मी व्हीलचेअर वापरते. एका कार्यालयाच्या सुगम्यता तपासणीत, म्हणजे ती जागा अपंगांना वापरता येते का हे पाहण्याच्या कामात, मी ‘अपंग प्रतिनिधी’ म्हणून होते. तपासणीच्या तक्त्यात रकाना होता: ‘सुगम्य स्वच्छतागृह आहे का?’ दाराची रुंदी मोजली, आडव्या दांड्या मोजल्या, बरोबर भरल्या. ‘आहे’ अशी खूण झाली. त्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली खाली पहारेकऱ्याकडे, आणि आत फिनाइलचे कॅन, दोन बादल्या आणि मोडकी खुर्ची. मी म्हटलं, नोंद करा. उत्तर आलं, तसा रकाना नाही.

पुढे आम्ही सहाजणींनी, सगळ्या अपंग, स्वतःची प्रश्नावली केली. त्यात स्वच्छतागृहाचा प्रश्न असा होता: ‘कामावर जायच्या दिवशी सकाळपासून किती पाणी पिता?’ हा प्रश्न कुणाला सुचवावा लागला नाही. आमच्यातली प्रत्येकजण वर्षानुवर्षं तेच करत आली होती. बाहेर पडायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, म्हणजे स्वच्छतागृहाची गरजच पडणार नाही. आम्ही बोललो त्या बायकांपैकी एकीने स्टीलचा पेला उचलून बोटाने खूण दाखवली, एवढं. तळापासून दोन बोटं. दाराच्या रुंदीतून हे कधीच कळलं नसतं.

सुरक्षिततेच्या अभ्यासात तर हा फरक जिवावर बेततो. ‘सुरक्षितता’ म्हटलं की बाहेरच्या माणसाला घसरून पडणं, आग, रस्ता, अनोळखी पुरुष दिसतात. उपाय ठरलेला: घरात ठेवा, सोबत कोणीतरी द्या. आणि पुष्कळ अपंग बायकांसाठी धोका त्या ‘सोबत कोणीतरी’मध्येच असतो. व्हीलचेअर हाताला लागणार नाही अशी लांब नेऊन ठेवणं. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या काढून घेणं. काठीची जागा बदलणं. ‘जास्त बोललीस तर संस्थेत टाकू’ ही धमकी. शौचाला नेण्यासाठी मुद्दाम दोन तास ताटकळत ठेवणं. हिंसाचाराच्या नेहमीच्या प्रश्नावलीत थप्पड असते, ढकलणं असतं, आणि मारणारा बहुतांशी नवरा धरलेला असतो. यातलं काहीच त्यात बसत नाही, आणि इथे त्रास देणारा भाऊ असू शकतो, आई असू शकते, पगारी मदतनीस असू शकते.

हिंसेच्या सर्वेक्षणात एक चांगला नियम असतो: एकांत मिळाला नाही तर प्रश्न विचारायचे नाहीत. बाईच्या रक्षणासाठीच तो आहे. पण जिच्या खुणांची भाषा फक्त तिच्या बहिणीला किंवा भावाला कळते, अशा बहिऱ्या बाईला हा नियम अभ्यासातून थेट बाहेर काढतो. नियम मोडून भावालाच दुभाषी केलं, तर उत्तर भावाचं मिळतं. एका घरी मी हे पाहिलं. ‘घरात कोणी त्रास देतं का?’ असं विचारल्यावर तिने चार-पाच खुणा केल्या, हात छातीशी नेला, मग दाराकडे बोट केलं. भाऊ म्हणाला, ‘नाही म्हणतेय.’ फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं गेलं. बहिऱ्या बायका ज्या अभ्यासाच्या कर्त्या आहेत, तिथे बाहेरच्या बहिऱ्या दुभाषी बाईचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत येतो.

दुसऱ्याने ठरवलेली सुरक्षितता कुठवर जाते हे महाराष्ट्राला सांगायला नको. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही, हे कारण दिलं गेलं. गर्भधारणेचं भयही बोललं गेलं. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, त्याचा पुरावा तेवढा उरत नाही. त्या मुलींच्या जागी उभं राहून प्रश्न विचारला असता, तर तो ‘गर्भ कसा टळेल?’ असा झाला नसता. ‘इथे रात्री दार कोण उघडतं?’ असा झाला असता.

संघटनांबाबतही हाच घोळ आहे, पण तो लवकर सुटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१८ च्या आपल्या सातव्या सामान्य टिप्पणीत ‘अपंगांच्या संघटना’ आणि ‘अपंगांसाठीच्या संघटना’ यांत स्पष्ट रेघ ओढली आहे: पहिल्या अपंगांनी चालवलेल्या, ज्यांचे बहुसंख्य सभासद अपंग, आणि मत विचारताना त्यांना प्राधान्य द्यायचं. ही समिती ज्या अपंग हक्क करारावर देखरेख ठेवते, तो भारताने २००७ मध्येच मान्य केलेला आहे. तरीही अपंगांचं मत हवं असलं की पत्र शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला जातं. ट्रस्ट चांगलं काम करत असेल, पण ते मत ट्रस्टचं.

एक आक्षेप दर वेळी येतो: अपंगांनीच अपंगांचा अभ्यास केला तर तो एकांगी होणार. मला हा मुळातच चुकीचा वाटतो. ऑस्ट्रेलियात अपंगांवरील हिंसा, छळ आणि दुर्लक्ष यांची चौकशी करणारा रॉयल आयोग २०१९ पासून साडेचार वर्षं चालला. सगळ्या आयुक्तांनी त्याच सुनावण्या ऐकल्या, तेच कागद वाचले. विशेष शाळांच्या प्रश्नावर मात्र आयोग दुभंगला. रोंडा गॅलबली आणि अलिस्टर मॅकइवन हे दोघे अपंग आयुक्त, आणि त्यांच्यासह बार्बरा बेनेट, म्हणाले की या वेगळ्या शाळा २०५१ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात. उरलेल्या तिघांना ते पटलं नाही. पुरावा एकच होता. वेगळं ठेवणं हा स्वतःच एक धोका आहे की निव्वळ एक पर्याय, हे ज्याने त्याने आपापल्या जागेवरून जोखलं. जागा तर प्रत्येकालाच असते. धडधाकट संशोधकाची जागा ‘तटस्थ’ आणि माझी ‘एकांगी’, ही वाटणी मला मान्य नाही.

आपल्याकडेही चांगली कामं झाली आहेत. मुंबईच्या रायझिंग फ्लेम या अपंग स्त्रियांनी चालवलेल्या संस्थेने साइटसेव्हर्स या अंधत्व आणि अपंगत्वावर काम करणाऱ्या संस्थेसोबत २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीतल्या अपंग स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल काढला. अंतर राखा, स्पर्श टाळा असं जग सांगत असताना जिला कपडे घालायलाही दुसऱ्याचा हात लागतो तिने काय करायचं, हा प्रश्न ज्यांच्या रोजच्या जगण्यातला होता त्यांचं हे काम होतं.

मला आता कुठल्याही अभ्यासाचं बोलावणं आलं, की मी प्रश्नावलीचा कच्चा मसुदा मागवते आणि विचारते, यातला एखादा प्रश्न मी काढून टाकायला सांगितला तर तो निघेल का? ‘तुमची सूचना आम्ही नक्की विचारात घेऊ’ असं उत्तर आलं तर तो सहभाग आहे. वेळ असेल तर मी जाते, मदतही करते, पण माझं नाव ‘नेतृत्व’ या शब्दाखाली घालू देत नाही. आमच्या स्वतःच्या फॉर्मवर आम्ही त्या बहिऱ्या बाईच्या घरून आल्यावर एक रकाना वाढवला, प्रत्येक उत्तराच्या शेजारी: ‘उत्तर देताना खोलीत आणखी कोण होतं?’