बायनरी सर्च आणि बायनरी सर्च ट्रीमधला शोध

बेळगाव-खानापूर भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकून अभियांत्रिकीला गेलेल्या मुलांच्या वह्या तपासताना, बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत मधली नोंद पाहत जाणारा शोध) आणि बायनरी सर्च ट्रीमधला (प्रत्येक नोंदीच्या डावीकडे लहान आणि उजवीकडे मोठ्या नोंदी जोडलेल्या झाडासारख्या रचनेतला) शोध या दोन गोष्टी एकच समजून लिहिलेली उत्तरे मला हमखास सापडतात. दोन्हींत प्रत्येक तुलनेनंतर एक बाजू सोडून द्यायची असते, हे खरे. पण सोडलेली बाजू निम्मी असेलच, ही हमी फक्त पहिलीत मिळते.

आपल्याच जिल्ह्यातले सात पिनकोड घेऊ : बेळगाव ५९०००१, बैलहोंगल ५९११०२, चिकोडी ५९१२०१, निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२, अथणी ५९१३०४, संकेश्वर ५९१३१३. असे चढत्या क्रमाने अ‍ॅरेत, म्हणजे ओळीने लागलेल्या घरांत, ठेवले, तर बायनरी सर्चमध्ये संकेश्वर शोधताना आधी मधला निपाणीचा क्रमांक पाहिला जातो, तो लहान निघाल्याने डावीकडचे तिन्ही सुटतात, मग उरलेल्यांतला मधला अथणीचा आणि तिसऱ्या तुलनेत संकेश्वर. मधली जागा दर वेळी नव्याने मोजली जाते, म्हणून दहा लाख नोंदींतही २० तुलना पुरतात.

ट्रीमध्ये मधली जागा कोणीच मोजत नाही. रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या नोंदीपासून, निघायचे, हवा तो क्रमांक लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे उतरायचे. वाट मात्र नोंदी कोणत्या क्रमाने घातल्या, त्यावरून आधीच ठरलेली असते. आधी निपाणी, मग बैलहोंगल, अथणी आणि नंतर बाकीचे घातले, तर संकेश्वर इथेही तीन तुलनांत मिळतो. तेच सात क्रमांक चढत्या क्रमाने घातले, तर प्रत्येक नवा नोड (ट्रीमधली नोंद) उजवीकडेच लागत जाऊन सरळ साखळी तयार होते आणि संकेश्वरला सात तुलना लागतात. मुले चुकतात ती नेमकी इथे : जो क्रम अ‍ॅरेला हवाच असतो, तोच साध्या ट्रीला मारक ठरतो. यावर उपाय म्हणून आडेलसन-वेल्स्की आणि लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये स्वतःचा तोल सांभाळणारे ट्री मांडले. त्यात कोणत्याही नोडच्या दोन बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक राहू दिला जात नाही.

मग ट्री वापरायचेच कशाला? गोकाकचा ५९१३०७ शोधून पाहा. तोल असलेल्या त्या ट्रीमध्ये निपाणी, अथणी, संकेश्वर असे उतरून संकेश्वरच्या डावीकडे रिकामी जागा लागते, म्हणजे गोकाक नाही. आणि तो घालायचा झाल्यास त्याची जागा हीच, बाकी एकही नोंद हलवावी लागत नाही. अ‍ॅरेत मात्र त्याच्यासाठी संकेश्वरला एक घर पुढे सरकवावे लागते, आणि नोंदी लाखांत असतील तर सरकवण्याचे कामही लाखांत जाऊ शकते.