संशोधनाचा डेटा झेनोडोवर जमा करायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जातो, यूजीसीचा तसा नियमच आहे. त्यामागची सर्वेक्षणाची कोष्टकं आणि मुलाखतींच्या नोंदी मात्र बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये पडून राहतात आणि त्याच्याबरोबरच जातात. अशा डेटासाठी झेनोडो हा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. जिनिव्हाची सर्न ही कणभौतिकीची संशोधन संस्था 2013 पासून तो चालवते आणि फाइली निदान पुढची 20 वर्षं सांभाळण्याचं तिचं धोरण आहे.

पात्रता
विषय, देश, पदवी यांची अट नाही. बोनाफाइड नको, फी नको. फक्त डेटा जमा करण्याचा हक्क तुमच्याकडे हवा. म्हणून गाईड, सहलेखक आणि अनुदान देणारी संस्था यांची संमती आधीच घ्या, निदान ईमेलवर तरी. मुलाखत देणाऱ्यांची नावं, मोबाइल नंबर काढाच. तेवढ्यानं भागत नाही: लहान गावात ‘महिला, 52, पोस्टमास्तर’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

तयारी
खरा वेळ इथे जातो. एक्सेलच्या तक्त्यांची सीएसव्ही (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल) प्रतही ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ अगम्य चिन्हं दाखवतो, तेव्हा आधी रूपांतर करून घ्या. सोबत साधी रीडमी फाइल जोडा: डेटा कुठे, कधी, कसा गोळा केला, ‘प्र7’ या रकान्यात कोणता प्रश्न आहे, 99 म्हणजे वय की ‘उत्तर दिलं नाही’. ही फाइल नसेल तर पाच वर्षांनी तुम्हालाही उलगडा होणार नाही.

अर्ज
ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक), गिटहब (प्रोग्रॅमचा कोड ठेवायची साइट) किंवा ईमेलवरून खातं उघडा. ऑर्किड असलेलं बरं, नावासारखी नावं पुष्कळ असतात. एका नोंदीत 100 फाइली आणि एकूण 50 जीबी बसतात. मग शीर्षक, लेखक, वर्णन आणि परवाना भरा. सीसी बाय 4.0 निवडलात तर श्रेय देऊन कोणीही डेटा वापरू शकतो. फाइली सर्वांसाठी बंद किंवा ठरावीक तारखेपर्यंत बंद ठेवता येतात, वर्णन मात्र उघडंच राहतं.

प्रबंधात डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, छापायचा असेल तर तो प्रकाशनाआधीच राखून ठेवता येतो. प्रकाशनाचं बटण मात्र सावकाश दाबा. नंतर वर्णन सुधारता येतं, पण फाइली बदलायच्या तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते आणि तिला वेगळा डीओआय मिळतो. सगळ्या आवृत्त्यांचा मिळून आणखी एक डीओआय असतो. संदर्भ देताना मात्र ज्या आवृत्तीवर काम केलं तिचाच द्या.

हात बसवायचा असेल तर झेनोडोचीच सँडबॉक्स नावाची सरावाची साइट आहे. तिथला डीओआय खरा नसतो, तो चुकूनही प्रबंधात छापू नका.