२४० दिवसांची पार्श्वभूमी: खान्देशातल्या ‘ब्रेक’चा इतिहास

जळगावच्या एमआयडीसीत असो की धुळ्याजवळच्या अवधानला, कामगारांच्या बोलण्यात ‘२४० दिवस’ येतातच. वर्षात तेवढे भरले की माणूस कायम होतो, असा सरसकट समज आहे. मालकही तोच धरून चालतात, म्हणून सहा-सात महिने झाले की ब्रेक मिळतो, म्हणजे माणसाला काही दिवस घरी बसवून पुन्हा कामावर घेतात. कायद्यात मात्र हा आकडा दोन ठिकाणी आला आणि दोन्हीकडे त्याचं काम वेगळं होतं.

खान्देशात कारखान्याची मजुरी आली ती कापसामागून. रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीने कापसाला भाव आला, सरकी काढून गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली आणि १८७०च्या दशकात जळगावला कापडगिरणी निघाली. पुढे अमळनेर, धुळे, चाळीसगाव. जिनांचं काम हंगामी होतं. गिरणीला बारमाही काम असलं तरी तिथे बदली कामगार होता: सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम माणसाचा खाडा पडला तर आत जायचं, नाहीतर घरी. अर्धवट नोकरीची ही सवय गिरण्यांनी लावली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, सवय मागे राहिली.

आता आकड्याकडे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगार कपातीचं प्रकरण आलं. त्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या माणसाची वर्षाची सलग सेवा धरली गेली. अशाला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. त्याला कायम करा, असं त्या कलमात कुठेही नव्हतं. दुसरी जागा खास महाराष्ट्राची. राज्याच्या नमुना स्थायी आदेशांतलं, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या नियमांतलं, ४-सी हे कलम म्हणायचं की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले, किंवा हंगामी कारखान्यात १९० भरले, की त्याला लेखी आदेशाने कायम करायचं. आजारपण, रजा, अपघात, ले-ऑफ (मालकाने काम नसल्याने बसवून ठेवणं) यांनी पडलेला खंड त्यात खंड धरत नसत. म्हणजे कामगारांचा समज महाराष्ट्रात चुकीचा नव्हता, पण तो या एका कलमाच्या आधारावर उभा होता. आणि हे स्थायी आदेश लागू होते ५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना. दहा-वीस माणसांवर चालणाऱ्या डाळमिलमधल्या माणसाला ४-सी कधी भेटलंच नाही.

१९७१च्या राज्याच्या कायद्याने, जो १९७५ला अमलात आला, आणखी एक पाऊल टाकलं. कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरली. माझ्या मते खान्देशातल्या कामगाराच्या हाती आलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार हेच. ब्रेक हा योगायोग नसून पद्धत आहे, हे त्यामुळे कोर्टात मांडता आलं.

पण मांडायचं कशावर? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २४० दिवस भरल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरणार नाही. चटईच्या कारखान्यात लूमवर बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडे काय असतं? पगार पाकिटातून, त्यावर पेनाने लिहिलेला आकडा, ना शिक्का ना सही. हजेरी कार्ड महिना संपला की टाइमकीपर परत घेतो. ब्रेकनंतर तोच माणूस त्याच मशीनवर येतो, पण मस्टर, म्हणजे हजेरीपट, वेगळ्या ठेकेदाराचं असतं. म्हणूनच पीएफच्या यूएएन नंबरचं, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफ क्रमांकाचं, मोल मोठं आहे. मोबाइलवर दिसणारं ते पासबुक कित्येकांच्या हाती आलेला नोकरीचा पहिला कागद आहे. ज्याचा पीएफच कापला जात नाही, त्याच्याकडे तोही नाही.

मस्टर ठेकेदाराच्या नावावर गेलं की ४-सी मूळ मालकापर्यंत पोचत नसे. कंत्राटी कामगारांचा १९७०चा कायदा होता. कंत्राट पद्धतीवर बंदी आली की कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात, हा आधीचा निकाल २००१ साली फिरवला गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आणखी एका निकालाने सरकारी खात्यांतल्या रोजंदारीवाल्यांचा कायम होण्याचा रस्ता जवळपास बंद झाला. २००९च्या निकालाने एक फट उघडी ठेवली: अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचे अधिकार शाबूत आहेत. नगरपालिकांतले सफाई कामगार अजून त्या फटीवर भिस्त ठेवून आहेत.

शिकाऊ उमेदवारांची वाट आणखी वेगळी. १९६१च्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. आयटीआय करून आलेला फिटर वर्षभर कायम माणसाच्या बरोबरीने शिफ्ट करतो, पण त्याचे दिवस कुठल्याच हिशेबात येत नाहीत. २०२४मध्ये राज्याने युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली: सहा महिने, दरमहा बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये. नंतर मुदत अकरा महिन्यांवर गेली. सरकारी कार्यालयांत रुजू झालेली ही मुलं पुढे कायम करा म्हणून आंदोलनाला उतरली. त्यांची मागणी मला रास्त वाटते. काम खरं होतं, टेबल खरं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळणार, ही चांगली बाजू. पण स्थायी आदेशांची मर्यादा संहितेत ३०० कामगार आहे. जळगावचे बहुतेक चटई कारखाने त्याच्या खाली येतात.