केंद्रोत्सारी पंखा, औद्योगिक

फिरत्या चाकाच्या मध्यातून हवा आत घेऊन केंद्रोत्सारी प्रेरणेने ती परिघाकडे फेकणारे आणि शंखाकृती आवरणात तिच्या वेगाचा काही भाग दाबात बदलून नळीवाटे बाहेर सोडणारे यंत्र. हवा आसाच्या दिशेने आत येते व त्या दिशेशी काटकोनात बाहेर पडते. निर्गम व शोषण या दोन टोकांच्या निरपेक्ष दाबांचे गुणोत्तर सुमारे १.११ पर्यंत असल्यास यंत्राला पंखा, १.११ ते १.२० असल्यास ब्लोअर आणि त्यापुढे संपीडक म्हणण्याचा अभियांत्रिकी संकेत आहे. विदर्भाच्या ग्रामीण भागात हा पंखा मुख्यतः वणी, हिंगणघाट, आर्वी, अकोट या परिसरातील जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्यांत, गोंदिया, तुमसर व मूल भागातील राइस मिलमध्ये आणि अकोल्याच्या डाळमिलमध्ये आढळतो.

उगम : या यंत्राचा उगम कोणता मानावा याबद्दल एकमत नाही आणि मतभेदाचे मूळ बहुधा व्याख्येत आहे. आसाजवळून हवा घेऊन परिघावरून सोडणे एवढीच अट धरली, तर मान चीनकडे जातो. हान काळातील (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) थडग्यांत सापडलेल्या मातीच्या प्रतिकृतींत धान्य उफणण्याचे हाताने फिरवायचे पंखे दिसतात. विज्ञानेतिहासकार जोसेफ नीडम यांनी अशा यंत्रांना केंद्रोत्सारी पंख्याच्या इतिहासात अग्रस्थान दिले. तथापि या यंत्रांचे काम हवेचा झोत निर्माण करणे हे होते. नळीतील अवरोधावर मात करून हवा दूरवर नेण्याची गरज त्यात नव्हती, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

युरोपीय परंपरेत गेओर्ग आग्रिकोला यांच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामविषयक ग्रंथाचा दाखला दिला जातो. त्यात खाणीत हवा पोहोचविणाऱ्या लाकडी पंख्यांची चित्रे असून काहींच्या पात्यांच्या टोकांना हंसाची पिसे बांधलेली आहेत. हवा घेण्याचे छिद्र व ती बाहेर नेणारी नळी त्यांत दिसते, मात्र पात्यांचे वळण किंवा आवरणाचा आकार यांचा दाबाशी काही संबंध जोडलेला आढळत नाही. जॉन देसाग्युलिए यांनी १७३४–३६ च्या दरम्यान ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या वायुवीजनासाठी हाताने फिरवायचे पंखाचाक तयार केले. रशियन साहित्यात हा मान अलेक्सांद्र साब्लुकोव्ह (१८३२) यांना देण्याचा प्रघात आहे. ही सर्व यंत्रे एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचली असण्याचीच शक्यता अधिक वाटते. बेल्जियन अभियंता तेओफील गिबाल यांनी १८६० च्या सुमारास चाकाभोवती बंद आवरण आणि वर रुंद होत जाणारे धुराडे बसवून बाहेर पडणाऱ्या हवेचा वाया जाणारा वेग दाबात परत मिळविला. आजच्या पंख्याशी रचनेचे नाते सांगायचे, तर ते गिबाल यांच्यापासून सांगणे अधिक सयुक्तिक ठरते. पुढे वळलेल्या अनेक अरुंद पात्यांचा ‘सिरोक्को’ पंखा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेलफास्ट येथे सॅम्युएल डेव्हिडसन यांनी तयार केला. हे गृहस्थ आधी आसाममधील कछारमध्ये चहामळ्यावर होते आणि चहा वाळविण्याच्या यंत्रांतून त्यांचे लक्ष पंख्यांकडे वळले.

कापसाच्या धंद्यात हवेचा वापर वाहतुकीसाठी करण्याचे श्रेय सामान्यतः टेक्ससमधील रॉबर्ट मंगर यांना दिले जाते. त्यांनी १८८० नंतरच्या दशकात गाडीतील कापूस शोषून थेट जिनापर्यंत (सरकी काढण्याच्या यंत्रापर्यंत) नेण्याची पद्धत बसविली. विदर्भात रेल्वे नागपूरपर्यंत १८६७ मध्ये पोहोचली व खामगावची कापूसपेठ १८७० मध्ये सुरू झाली. त्यानंतर वाफेवरील जिने वाढली, तरी कापूस डोक्यावरील पाट्यांतून जिनावर टाकण्याचे काम बायाच करीत राहिल्या. हवेने कापूस वाहून नेण्याची व्यवस्था येथे बहुतांशी फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानानंतर पसरली. त्यामुळे येथील पुष्कळ पंखे गेल्या पाव शतकातील आहेत, आणि त्यांची निगा राखणारे मिस्त्री मात्र पट्टा व रोलर यांच्या कामात तयार झालेले होते.

प्रकार : पात्यांच्या वळणावरून तीन मुख्य प्रकार पडतात. सरळ, अरीय (त्रिज्येच्या दिशेने बसविलेल्या) पात्यांचा पंखा दणकट असून कचरा, कवडी (किडका कापूस), तूस, सरकी असा माल त्याच्यातून गेला तरी चालतो. कार्यक्षमता साधारण ६९ ते ७५ टक्के असते. मागे वळलेल्या पात्यांची कार्यक्षमता ७९ ते ८३ टक्क्यांपर्यंत जाते आणि प्रवाह वाढला तरी त्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे वाढत नसल्याने मोटर जळण्याचा धोका कमी असतो. मात्र हवा स्वच्छ हवी. पुढे वळलेल्या पात्यांचा पंखा लहान व स्वस्त असला, तरी त्याची कार्यक्षमता ६० ते ६५ टक्केच असते आणि नळी उघडी पडली की तो मोटरवर अतिभार टाकतो. जिनात कापूस शोषून घेणाऱ्या पंख्यात कापूस स्वतः शिरत नाही. तो आधीच सेपरेटरमध्ये गाळला जातो. कचऱ्याच्या पंख्यातून मात्र सगळा माल जातो. एका जागचा पंखा मोकळा पडला म्हणून दुसऱ्या जागी बसविण्याची जी सवय गावोगाव दिसते, तिच्यात हा भेद विसरला जातो. भारतात केंद्रोत्सारी पंख्यांसाठी आयएस ४८९४ हे मानक आहे.

वर्तन : एकाच पंख्याचे फेरे बदलल्यास प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे फेरे दहा टक्के घटविले, तर प्रवाह दहा टक्केच घटतो पण शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी कमी लागते. वीस टक्के घटविल्यास ती जवळजवळ निम्मी होते. यास्तव जादा हवा डांपर (नळीतील हवेची झडप) अर्धा मिटून दाबून टाकण्यापेक्षा पुली बदलणे किंवा फेरे नियंत्रित करणारी ड्राइव्ह बसविणे हितकारक आहे. गरजेपेक्षा मोठा पंखा घेऊन तो वर्षानुवर्षे आवळलेल्या डांपरवर चालविणे, हे या भागात वीज वाया जाण्याचे बहुधा सर्वांत सामान्य कारण आहे. हवा गरजेपेक्षा कमी करण्याची उलट चूकही तेवढीच घातक ठरते. कापूस वाहून नेण्यास नळीत साधारण २० ते २८ मीटर प्रतिसेकंद वेग लागतो. तो त्याखाली उतरला की आडव्या नळीच्या तळाशी माल बसू लागतो आणि काही वेळाने नळी तुंबते.

पंख्याच्या कामगिरीचे तक्ते २० अंश सेल्सिअस तापमान व समुद्रसपाटी धरून, म्हणजे हवेची घनता १.२ किग्रॅ. प्रति घनमीटर मानून केलेले असतात. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा हवेची घनता १.०७ च्या आसपास, म्हणजे सुमारे ११ टक्के कमी असते. पंखा घनमीटरात तेवढीच हवा हलवितो, परंतु तिचा दाब व वजन त्या प्रमाणात कमी मिळते. हिवाळ्यात व्यवस्थित चालणारी नळी एप्रिलमध्ये तुंबू लागली, तर दोष यंत्राचाच असतो असे नाही. बॉयलरच्या धुराड्याकडील शोषक पंख्यात याच्या उलट घडते. १५० अंश तापमानाच्या वायूसाठी निवडलेला पंखा सकाळी थंड हवेवर पूर्ण उघड्या डांपरने चालू केला, तर शक्ती जवळजवळ ४४ टक्के अधिक लागते. उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये मोटरचा रिले (अतिभार होताच वीज तोडणारे उपकरण) पहिल्या दहा मिनिटांतच का पडतो, याचे स्पष्टीकरण पुष्कळदा यातच असते.

चालविणे : अरीय पात्यांचा पंखा डांपर मिटून चालू करावा, कारण शून्य प्रवाहावर त्याला सर्वांत कमी शक्ती लागते. चाक जड असल्याने पूर्ण गतीला यायला वेळ लागतो. दर तासाला बंद-चालू केल्यास मोटरचे वेटोळे तापते. अँपिअर वाचण्याबाबत एक गैरसमज रूढ आहे. या प्रकारच्या पंख्यात नळी तुंबली की अँपिअर उतरतात, आणि पुढील दार उघडे राहिले किंवा नळी फाटली की चढतात. कमी अँपिअर म्हणजे बचत असे मानून समाधान पावणारा चालक वस्तुतः कमी हवा मोजत असतो. पंख्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिक नळीला इंग्रजी यू आकार देऊन त्यात रंगीत पाणी भरले, तर दाबाचा फरक मिलिमीटर जलस्तंभात रोज वाचता येतो. एवढ्या स्वस्तात याहून अधिक माहिती देणारे साधन दुसरे नाही.

ग्रामीण वीजपुरवठ्याचा एक परिणाम विशेष नोंदविण्याजोगा आहे. रोहित्र बदलताना किंवा तुटलेली तार जोडताना दोन फेजांची अदलाबदल झाली, तर सर्व मोटरी उलट फिरू लागतात. जिनाचा रोलर उलटा फिरला की लगेच कळते. पंखा मात्र उलटा फिरूनही हवा त्याच दिशेने टाकत राहतो, फक्त बरीच कमी. आवाजही फारसा बदलत नाही. म्हणून फोरमन सेपरेटर उघडतो, नळ्या झोडपतो, आणि दोष स्टार्टरच्या जोडणीत असतो. आवरणावर ठळक बाण रंगविणे व फेजक्रम तपासणारा रिले बसविणे हे यावरील उपाय होत. एक फेज गेल्यास मोटर तोडणारी व्यवस्थाही याच पॅनेलमध्ये असणे आवश्यक आहे.

शोषमुखाला लागूनच काटकोनी वळण दिल्यास हवा चाकात गिरक्या घेत शिरते व तक्त्यातील दाब मिळत नाही. वळण व चाक यांच्यामध्ये निदान तीन व्यासांइतकी सरळ नळी असावी, जागा नसेल तर वळणात दिशादर्शक पत्रे बसवावे. निर्गमाकडेही सुमारे अडीच व्यास सरळ अंतर अपेक्षित आहे.

देखभाल : येथील पंख्यांचे आयुष्य हंगामावर ठरते. जिने दसरा-दिवाळीनंतर सुरू होऊन साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतात आणि पुढे पावसाळाभर पंखा थांबलेला असतो. या काळात बेअरिंगच्या त्याच त्या ठिकाणी भार राहून आणि ओल शिरून वलयांवर गंजाचे डाग उमटतात, पट्टे पुलीच्या आकारात वाकतात, आवरणात गांधीलमाश्या घर करतात. दर आठवड्याला चाक हाताने काही फेरे व पाव फेरा पुढे फिरवून ठेवणे, पट्टे सैल करून ठेवणे व तळातील निचऱ्याचे छिद्र मोकळे ठेवणे यांनी हे बरेच टळते. ग्रीस अधिक भरले म्हणजे बरे, ही समजूत चुकीची आहे. बेअरिंगच्या घराची एकतृतीयांश ते निम्मी पोकळीच भरायची असते. ठासून भरलेले ग्रीस घुसळले जाऊन तापते, आणि ७० अंशांच्या वर प्रत्येक १५ अंशांना त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

असंतुलन हा सर्वांत गंभीर दोष. मिनिटाला १,४५० फेऱ्यांवर चालणाऱ्या चाकाच्या ५० सेंमी. त्रिज्येवर केवळ २० ग्रॅम वजन जादा असले, तर बेअरिंगवर दर फेऱ्याला सुमारे २३० न्यूटन, म्हणजे २३ किलोच्या वजनाइतका भार फिरत राहतो. कचऱ्याच्या पंख्यात पात्यांच्या पाठीवर तेलकट रुई व मातीचा थर चढतो. तो सगळीकडे सारखा असेपर्यंत काही जाणवत नाही. एका पात्यावरची खपली निखळली की त्याच क्षणी पाया हादरू लागतो. राइस मिलच्या शोषक पंख्यात कारण वेगळे असते. तुसाच्या राखेत सिलिका फार मोठ्या प्रमाणात असून ती पाते मागच्या चकतीला जिथे जोडले आहे तिथे खरवडत जाते. झिजलेल्या पात्यावर वेल्डरने अंदाजाने पट्टी ठोकणे सर्वत्र चालते. समोरासमोरच्या पट्ट्या तोलून घेतल्याशिवाय आणि नंतर चाकाचे जी ६.३ श्रेणीपर्यंत संतुलन केल्याशिवाय ही दुरुस्ती पुरी मानू नये. कठीण पायावरील सामान्य औद्योगिक पंख्यात कंपनवेग ४.५ मिमी. प्रतिसेकंदापर्यंत स्वीकारार्ह, ७.१ ला इशारा आणि ९ ला बंद, अशा मर्यादा आयएसओ १४६९४ मध्ये दिल्या आहेत. पट्टे एकेक न बदलता संपूर्ण संच बदलावा. शोषशंकू व चाक यांमधील फट वाढली, तर दाबाची हवा पुन्हा शोषमुखात परतते आणि बाहेरून काहीही बिघडलेले दिसत नसताना कार्यक्षमता घसरते.

सुरक्षा : कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालण्याची तरतूद होती आणि कलम २७ ने कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर (कापूस मोकळा करणारे यंत्र) चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली होती. पंख्याबाबत खरा धोका तो बंद केल्यानंतरचा आहे. वीज तोडल्यावरही चाक कित्येक मिनिटे फिरत राहते, आणि त्याच नळीवर दुसरा पंखा चालू असल्यास थांबलेले चाकही हवेने पुन्हा फिरू लागते. म्हणून तपासणीचे दार उघडण्यापूर्वी स्विच तोडून त्याला कुलूप लावणे, किल्ली आत उतरणाऱ्यानेच जवळ ठेवणे व चाकाला लाकडी अडण लावणे, या तिन्ही गोष्टी लागतात. फ्यूज काढून खिशात ठेवण्याची जुनी पद्धत कुलपाला पर्याय नाही, कारण पॅनेलपाशी दुसरा फ्यूज असतोच. पट्ट्याजवळ दुपट्टा, पदर किंवा सैल बाही चालत नाही.

आग बहुधा तीन वाटांनी लागते : कापसासोबत आलेला लोखंडाचा तुकडा पात्यावर आपटून, चाक आवरणाला घासून, आणि शाफ्टवर रुई गुंडाळून. तिसरी वाट सर्वांत कमी लक्षात येते. शाफ्ट आवरणात शिरतो त्या भोकाशी तंतू एकावर एक चढून घट्ट कडे तयार होते, ते घासून तापते, काळवंडते आणि बेअरिंगमधून पाझरलेले ग्रीस शोषून घेते. ठिणगी एकदा नळीत शिरली की पंखाच तिला सेपरेटरपर्यंत व पुढे रुईच्या ढिगापर्यंत नेतो. त्यामुळे जळका वास येताच आधी पंखा थांबविणे आणि मग पाण्याकडे धावणे हा क्रम चालकाच्या अंगवळणी पडलेला असावा. शोषनळीत लोहचुंबक बसविणे व पाळी संपताच ते कडे वाकड्या पात्याने कापून काढणे आवश्यक आहे. डाळमिलमधील बारीक पूड हवेत योग्य प्रमाणात मिसळल्यास स्फोटक होते. तेथे ठिणगी न पाडणाऱ्या अलोह धातूच्या चाकाचा पंखा व नळ्यांचे भूयोजन (अर्थिंग) इष्ट असते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसविकाराचा संबंधही नळ्यांतील गळतीशी पोहोचतो. जिनिंगविषयक प्रशिक्षण केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील केंद्रात दिले जाते.

चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील भूमिगत कोळसा खाणींतही मुख्य वायुवीजक म्हणून या प्रकारचे पंखे वापरले गेले. आता अक्षीय (आसाच्याच दिशेने हवा ढकलणाऱ्या) पंख्यांचा प्रसार अधिक आहे. आगीच्या वेळी खाणीतील हवेची दिशा उलटविण्याची सोय तेथे असावी लागते, आणि केंद्रोत्सारी पंखा उलटा फिरवून ते साधत नसल्यामुळे त्याला वेगळ्या उपमार्गाची व झडपांची रचना जोडलेली असते.