तार आणि माइक यांच्यातले अंतर

सतारवादक मंचावर स्थिरावले की साउंडवाल्यांपैकी एक जण वाकून सतारीच्या काठाला बोटाच्या पेराएवढा माइक अडकवतो, त्याची लवचिक मान घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, दिशेने वळवतो आणि वादक खर्जाची तार छेडून पाहतात. पुण्यातल्या मोठ्या मैफलींना जाणाऱ्याला हे दृश्य आता सवयीचे झाले आहे. वाद्यासमोर स्टँडवर उभा असणारा माइक वाद्याच्या अंगावर येऊन बसला, त्याला सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी आहे, आणि ती मुख्यतः तार व माइक यांच्यातले अंतर कमी होत जाण्याची आहे.

सतार, तंबोरा, सारंगी ही वाद्ये दिवाणखान्यासाठी, फार तर दरबारासाठी घडली. १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांचा जमाना सुरू झाला, तेव्हा विजेचा माइक कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पुढे बालगंधर्वांच्या गाण्यामागे कादरबक्षांची सारंगी असे. सारंगीवर गज फिरत असेपर्यंत नाद टिकतो, त्यामुळे नाटकगृहात तिचे भागत असे. छेडून वाजवायच्या वाद्यांची अडचण वेगळी आहे. तार छेडल्याक्षणी नाद सर्वांत मोठा असतो आणि लगेच ओसरू लागतो. लांबलचक मिंडेचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याचे, शेवटचे टोक, जे खऱ्या रसिकाला हवे असते, तेच मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.

ध्वनिमुद्रणाने ही दुर्बलता आणखी उघडी पाडली. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले ते कर्ण्यासमोर बसून. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाच्या जोरावरच मेणात रेघ उमटत असे, त्यामुळे तंबोऱ्यासारख्या मृदू वाद्याला तिथे जवळजवळ जागाच नव्हती. युरोपातल्या व्हायोलिनचीही तीच गत होती, म्हणून ऑगस्टस स्ट्रोह यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये लाकडी पेटीऐवजी धातूचा पडदा आणि कर्णा लावलेल्या व्हायोलिनचे पेटंट घेतले. दिसायला ते विचित्रच होते, पण घोडीचे कंपन हवेत विरण्याआधी थेट घोडीपाशीच पकडायचे, ही आजच्या पिकअपमागची (वाद्याचे कंपन थेट पकडणाऱ्या साधनामागची) कल्पना तिथे विजेशिवाय साकार झाली होती.

१९२५ पासून विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि वादकाला कर्ण्यात तोंड खुपसून बसण्यापासून सुटका मिळाली. बोलपटांच्या आरंभकाळात, म्हणजे १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली त्या सुमारास, एक-दोन माइकवर सगळा ताफा मुद्रित करण्याची पद्धत होती. मोठ्या आवाजाचे वाद्य मागे आणि नाजूक वाद्य पुढे बसवून संगीताचा तोल सतरंजीवरच साधला जाई. आज जे काम मिक्सरची खिट्टी करते, ते तेव्हा वादकाला दोन हात पुढे सरकवून होत असे.

मैफलीत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे माइक आणि कर्णे, म्हणजे लाउडस्पीकर, एकाच मांडवात असतात. १९५३ मध्ये भीमसेन जोशींच्या पुढाकाराने सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि शास्त्रीय संगीत हजारोंच्या मांडवात बसू लागले. तिथे मिक्सरवर सतारीचा आवाज वाढवला की कर्ण्यातून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि किंकाळी उठते. त्यावर उपाय दोनच. एका दिशेचेच ऐकणारा माइक वापरायचा, जसा शुअर कंपनीने १९३९ मध्ये एकाच ध्वनिघटकावर बनवून दाखवला, किंवा माइक वाद्याच्या आणखी जवळ न्यायचा. अंतर निम्मे केले की ध्वनीचा दाब दुप्पट होतो, म्हणजे पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि शेजारच्या तबल्याचा व कर्ण्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. पुस्तकातला हा नियम लहान ध्वनिस्रोताला लागू आहे. सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, चांगली वीतभर रुंद, त्यामुळे माइक फार जवळ नेला तर हिशेब बिघडतो आणि माइक अख्खे वाद्य न ऐकता तबलीचा एक तुकडाच ऐकतो.

याच ओढीतून माइकलाच फाटा देण्याचा विचार पुढे आला. दाब पडला की काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्येच दाखवून दिले होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत असे स्फटिक व्हायोलिनच्या घोडीशी जोडले जाऊ लागले आणि हळूहळू आपल्याकडे सतारीच्या तबलीलाही नाण्याएवढी चकती चिकटली. गिटारसाठी आधीच रूढ झालेला चुंबकीय पिकअप इथे उपयोगाचा नव्हता, कारण तो पोलादी तार ओळखतो, सतारीच्या पितळी तारांकडे पाहतही नाही. चकतीचा मोठा गुण म्हणजे तिच्यामुळे किंकाळी फारशी उठत नाही. दोष असा की ती लाकूड ऐकते, हवा ऐकत नाही. जवारीतून (घोडीच्या घासून घडवलेल्या माथ्यावरून) उमलणारा आणि तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तारांनी वाद्याभोवती धरलेला झंकार तिच्यापर्यंत पोहोचतो तो कोरडा होऊन. शिवाय तिला अतिशय उच्च अवरोधाचा प्रीअँप, म्हणजे क्षीण संकेत आधी वाढवून देणारे यंत्र, लागतो. तो नसेल तर खर्ज गायब होतो आणि उरते ते पत्र्यावर खिळे पडल्यासारखे काहीतरी. एका मैफलीत मी पहिल्या रांगेत असताना ऐन आलापात अशी चकती एका कडेने सुटली. वादकांची बोटे तशीच मिंड घेत होती, पण कर्ण्यांतून नुसती खरखर येत होती. त्या पाच-सात मिनिटांत आम्हा पुढच्या वीस-पंचवीस जणांना सतारीचा मूळ आवाज ऐकायला मिळाला, आणि मागच्यांना काहीच नाही.

आजचा चिमुकला माइक शक्य झाला तो १९६२ च्या शोधामुळे. बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा, म्हणजे इलेक्ट्रेट माइक तयार केला. १९६६ पासून रूढ होत गेलेल्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरमुळे माइकला लागणारी वीज ध्वनीच्याच केबलमधून पोहोचू लागली. आता प्रश्न फक्त तो बसवायचा कुठे एवढाच राहिला, आणि खरे कसब तिथेच आहे. क्लिपचा रबर तरफेच्या एका तारेला जरी टेकला, तरी ती तार गप्प होते. वजन घोडीवर किंवा तबलीच्या मध्यभागी पडले, तर व्हायोलिनच्या घोडीवर लावतात त्या म्यूटसारखा परिणाम होऊन नाद दबतो. म्हणून जाणता साउंडवाला काठ धरतो आणि माइकचे तोंड घोडी आणि सतारीची मान यांच्या मधल्या तबलीकडे तिरके ठेवतो, थेट तारांकडे नाही, कारण तिथे मिजराबीची, म्हणजे बोटातल्या तारेच्या नखीची, टकटक आधी येते. सरोदाला वर कातडे असल्याने क्लिप लाकडी कडेलाच लावावी लागते. संतूरला तर शंभराच्या आसपास तारा आणि पसरट पेटी असल्याने एका माइकवर दोन्ही बाजू समान येत नाहीत.

माझ्या मते आपल्याकडे हे अंतर गरजेपेक्षा जास्त कमी झाले आहे. आवाज चढवण्याच्या हौसेने क्लिपवरच सगळा भार टाकला जातो, आणि समोर दीड-दोन वितींवर ठेवलेला साधा माइक, ज्याच्यामुळे वाद्याला हवा मिळते, तो मिक्सरवर तळाशीच राहतो. दोन्हींचे मिश्रण केलेली मैफल ऐकली की फरक कोणाच्याही ध्यानात येतो. तंबोऱ्याच्या वाट्याला मात्र हे अजून पुरते आलेले नाही. बहुतेक मैफलींत गायकामागे दोन तंबोरे लागतात, त्यांच्यापाशी एक बुटका स्टँड येतो, आणि साउंडवाला त्यावरचा माइक भोपळ्याजवळ नेऊन, जरा ऐकून, पुन्हा बोटभर मागे घेतो.